बादलीभर पाण्यात एक गोळी
(नदीच्या पोटात : लेखांक 7)

गेल्या आठवड्यात शिसे, कॅडमियम आणि क्रोमियम झाले. आज औषधे. त्यासाठी हैदराबादजवळच्या पाटनचेरूला जावे लागेल.

तिथल्या सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रात सुमारे 90 औषध कारखान्यांचे पाणी येत असे. स्वीडनचे योआकिम लार्सन आणि सहकाऱ्यांनी केंद्रातून बाहेर पडणारे पाणी तपासले. निष्कर्ष 2007 साली प्रसिद्ध झाले. प्रक्रिया होऊन सुटलेल्या त्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक लिटरमागे 31 मिलिग्रॅमपर्यंत निघाले. 16 लिटरच्या बादलीत 500 मिलिग्रॅमची एक गोळी विरघळवा, साधारण तेवढेच. गोळी घेतलेल्या रुग्णाच्या रक्तातही ते इतके चढत नाही. दिवसाला अंदाजे 45 किलो औषध वाहून जात होते. 90 लाख वस्तीच्या स्वीडनला तेवढे पाच दिवस पुरत असे!

केंद्र बंद होते म्हणून हे घडले असे मात्र नाही. अशी केंद्रे बांधतात ती बीओडी, सीओडी ही पाण्यातल्या घाणीची मापे खाली आणायला, आणि ते काम करतात जिवाणूच. टाकीत हवा सोडून त्यांना पोसायचे, त्यांनी घाण फस्त करायची. त्याच टाकीत प्रतिजैविक मिसळले की दुबळे जिवाणू मरतात, तगडे उरतात आणि औषधाला दाद न देणारी जनुके एकमेकांना देऊ लागतात. रोगजंतूंसाठी ही तालीमच.

पुढे हे पाणी इसकावागू, नक्कावागू या ओढ्यांतून मांजरा नदीत जाई. बीडच्या बालाघाटात उगम पावणारी, लातूरची तहान भागवणारी हीच मांजरा तेलंगणातून वळसा घेऊन नांदेडच्या सीमेवर गोदावरीला मिळते. एवढ्या वाटेत औषध विरळ होणारच, नांदेडकरांनी लगेच धसका घेऊ नये.

मला काळजी वाटते ती गाळाची. सिप्रोफ्लॉक्सासिन उन्हात मोडते खरे, पण मातीला घट्ट चिकटते आणि गाळात ऊन पोहोचत नाही. तांबे, जस्त, पाराही तिथेच साचतात, आणि धातू काही कुजत नाहीत. जिवाणूंच्या ज्या प्लाझ्मिडवर (एकमेकांना देता येणाऱ्या डीएनएच्या कडीवर) धातूला तोंड देणारी जनुके असतात, त्याच प्लाझ्मिडवर पुष्कळदा प्रतिजैविकाला तोंड देणारीही असतात. म्हणजे उद्या औषध सोडणे थांबले, तरी गाळातला धातू त्या चिवट जिवाणूंना टिकवून धरू शकतो. धातू आणि औषध वेगवेगळ्या तक्त्यांत मोजण्याची आपली पद्धत इथे अपुरी पडते.

त्यातही औषधाचा तक्ता आहेच कुठे? केंद्र सरकारच्या 2020 च्या मसुद्यात औषध कारखान्यांच्या सांडपाण्यातील प्रतिजैविकांवर मर्यादा घातल्या होत्या. 2021 च्या अंतिम अधिसूचनेतून त्या गळाल्या.

पुढच्या लेखांकात नदीचा गाळ शेतात पसरल्यावर पालेभाजीत काय उतरते, ते पाहू.