धुलाईयंत्रातील ड्रायर : बिघाड आणि दुरुस्ती

कोकणात आणि घाटमाथ्यावर पावसाळ्याचे चार महिने कपडे वाळविणे हे जिकिरीचे काम असते. दोन टबांच्या अर्धस्वयंचलित धुलाईयंत्राने ते पुष्कळसे हलके केले आहे. मोठ्या टबात कपडे धुतले जातात आणि लहान टबात पिळले जातात. या लहान टबालाच बोलीत ड्रायर म्हणतात. वस्तुतः त्यात उष्णता देणारा कोणताही घटक नसतो. भोके असलेला हा टब मिनिटाला सुमारे १,३०० ते १,४०० फेरे घेतो आणि त्या वेगामुळे कपड्यांतील पाणी भोकांवाटे बाहेर फेकले जाते. गरम हवेने कपडे वाळविणारे यंत्र निराळे; त्याचा येथे विचार केलेला नाही.

टबाच्या खाली, स्प्रिंगांवर बसविलेली एक मोटर असते व तिच्या दांड्यावर टब थेट जोडलेला असतो. दांड्याजवळच ब्रेक असतो. झाकण बंद केले की एक तार ओढली जाऊन ब्रेक सुटतो आणि झाकणाखालील छोटा स्विच जोडला जातो. झाकण उघडले की वीज तुटते, ब्रेक आवळला जातो आणि टब काही सेकंदांत थांबतो. ही जोडव्यवस्था नीट ध्यानी घेतल्यास बहुतेक बिघाडांचे मूळ सापडते.

टायमर फिरवूनही यंत्र मुळीच आवाज करीत नसेल, तर प्रथम प्लग, वायर व टायमर तपासावा. परंतु दोष पुष्कळदा झाकणाच्या स्विचमध्येच असतो. साबणाच्या पाण्याने त्याचे संपर्कबिंदू गंजतात. अशा वेळी काही कारागीर स्विच बदलण्याऐवजी त्याच्या दोन्ही तारा एकत्र जोडून टाकतात. याला ‘डायरेक्ट करणे’ म्हणतात. यंत्र तत्काळ चालू होते, ग्राहकही समाधान पावतो. मात्र त्यानंतर झाकण उघडे असतानाही मोटरला वीज मिळत राहते. सेकंदाला बावीस फेरे घेणाऱ्या टबात लहान मुलाने कुतूहलाने हात घातला किंवा साडीचा पदर आत ओढला गेला, तर होणारी इजा भयंकर असते. नवा स्विच यंत्राच्या किमतीच्या मानाने अगदी स्वस्त असतो. ही दुरुस्ती नव्हे, हे ग्राहकाने स्पष्टपणे सांगावयास हवे.

मोटर गुणगुणते पण टब फिरत नाही, अशी तक्रार असल्यास प्लग काढून टब हाताने फिरवून पाहावा. झाकण बंद केल्याप्रमाणे तार ओढली असतानाही तो अडकत असेल, तर ब्रेकची तार तुटलेली किंवा सैल झालेली असते, अथवा हातरुमाल, मोजा यांसारखा कपडा आतील व बाहेरील टबांमध्ये शिरलेला असतो. टब मोकळा फिरत असेल तर संशय कपॅसिटरवर घ्यावा. वीज बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये भार शिल्लक राहू शकतो, म्हणून हे काम विजतंत्र्याकडेच सोपवावे. वीज चालू ठेवून टबाला हाताने झोका देण्याची सवय तर सर्वथा टाळावी. गावात विजेचा दाब कमी असतानाही असाच आवाज येतो, तेव्हा मोटर उघडण्यापूर्वी दाब मोजून घेतलेला बरा.

टब थडथडत असेल तर कपडे सारखे पसरून वरून दाबून बसवावेत आणि यंत्राचे चारही पाय जमिनीवर टेकले आहेत ना, हे पाहावे. एवढ्याने भागले नाही तरच स्प्रिंगांकडे वळावे.

टबाच्या तळाशी दांड्याभोवती रबरी पडदा असतो. तो फाटला की पाणी खालच्या मोटरवर ठिबकते. उंदरांनी कुरतडलेल्या तारांचीही गणना येथेच करावी लागेल. यंत्राच्या तळाची जाळी शाबूत ठेवण्याचे कारण तेच. या दोन्ही प्रसंगी वीज यंत्राच्या सांगाड्यात उतरू शकते. ओल्या हाताने, ओल्या फरशीवर उभे राहून स्पर्श करणाऱ्या व्यक्तीचे रक्षण मग अर्थिंगच करते. कित्येक घरांत प्लगच्या तिसऱ्या छिद्रामागे तारच नसते. कोठे ती असते, पण उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडून निकामी झालेला असतो. झटका बसू लागल्यावर पायांखाली लाकडी पाट घेणे हा उपाय नव्हे. यंत्र बंद करावे, रबरी पडदा व तारा बदलाव्यात, अर्थिंग तपासून घ्यावे आणि घराच्या मुख्य फलकावर ३० मिलिअँपिअरचा आर.सी.सी.बी. बसवून घ्यावा. आश्रमशाळा व वसतिगृहे येथील यंत्रांबाबत ही तपासणी पावसाळ्यापूर्वीच होणे इष्ट होय.

दुरुस्त होऊन आलेले यंत्र ताब्यात घेताना रिकामा टब फिरवून झाकण उचलून पाहावे. मोटरचा आवाज त्याच क्षणी बंद पडून टब काही सेकंदांत थांबला नाही, तर यंत्र कारागिराकडे परत न्यावे.