दगड वायू धरून ठेवतो!

वायूचे रेणू एकमेकांना ओढतात, हे योहानेस व्हॅन डर वाल्स यांनी १८७३ मध्ये नेदरलँड्सच्या लायडन विद्यापीठातल्या प्रबंधात मांडलं. १९१० मध्ये त्यांना नोबेल मिळालं. सच्छिद्र खनिजं वायू धरतात, त्यामागेही हीच ओढ आहे.

आपल्या पुणे-जळगावच्या काळ्या पाषाणातलं झिओलाइट घ्या. त्यातली छिद्रं साधारण एका नॅनोमीटरहूनही लहान! दाब वाढवला की जास्त रेणू आत शिरून भिंतींना चिकटतात, उतरवला की सुटतात.

ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर असाच चालतो. कारखान्यात बनवलेल्या झिओलाइटचे बारीक दाणे दाबाखाली हवेतला नायट्रोजन धरतात. दाण्यांतल्या धातूच्या आयनांची विद्युत ओढ इथे मोठं काम करते. ऑक्सिजन रुग्णाकडे जातो. दाब सोडला की नायट्रोजन बाहेर आणि दाणे पुन्हा कामाला तयार.