टाकी कुठे बसवायची?

२००८ च्या जुलैमध्ये अमेरिकेत पेट्रोलचा सरासरी भाव गॅलनला, म्हणजे पावणेचार लिटरला, ४ डॉलरच्या वर गेला. आपल्याकडच्या वाचकाला हा भाव स्वस्तच वाटेल. पण भाजी आणायलाही आठ सिलिंडरच्या इंजिनाची पिकअप बाहेर काढणाऱ्या देशात तेवढ्यानं घरोघरचं गणित बिघडलं. त्याच दिवसांत युटा राज्यात एक गॅलन पेट्रोलइतकी ऊर्जा देणारा सीएनजी ८७ सेंटला मिळत होता. तिथली गॅस कंपनी सरकारी नियंत्रणाखालच्या दरानं गॅस विकायची, त्यामुळे बाजारातल्या भडक्याची झळ पंपापर्यंत पोचलीच नव्हती. लोकांनी परराज्यांतून जुन्या सीएनजी गाड्या शोधून आणल्या. राज्याचे गव्हर्नर जॉन हंट्समन यांनी स्वतःच्या खिशातून १२,००० डॉलर खर्चून आपली भलीमोठी गाडी गॅसवर करून घेतली. पंपांवर रांगा लागल्या. दाब पडला की टाकी अर्धवटच भरायची, आणि हे दुखणं मुंबई-पुण्याच्या रिक्षावाल्यांना कुणी समजावून सांगायची गरज नाही.

पिकअप गॅसवर चालवण्याची कल्पना मात्र त्या भाववाढीतून जन्मलेली नाही. अमेरिकेतल्या मोठ्या शेतांवर घर उबदार ठेवायला आणि धान्य वाळवायला प्रोपेनची टाकी असतेच. १९५० च्या दशकात ट्रॅक्टर कंपन्या प्रोपेनवर चालणारे ट्रॅक्टर विकत होत्या. ट्रॅक्टर चालतो तर पिकअप का नाही, असा सरळ विचार करून अनेक शेतकऱ्यांनी कार्ब्युरेटर बदलले आणि हौद्यात टाकी ठोकून दिली.

इंजिनाच्या बाजूनं पाहिलं तर काम खरोखरच फार अवघड नाही. पेट्रोलचं इंजिन ठिणगीवर चालतं. हवेत मिसळलेलं इंधन द्रवाच्या फवाऱ्यातून आलं की वायूच्या रूपात, याची त्या ठिणगीला पर्वा नसते. आजच्या सिक्वेन्शियल किटमध्ये टाकीपासून पोलादी नळी पुढे येते. रिड्यूसर गॅसचा दाब उतरवतो आणि प्रत्येक सिलिंडरला वेगळा गॅस-इंजेक्टर असतो. कुठला इंजेक्टर कधी आणि किती वेळ उघडायचा, ते एक छोटा संगणक ठरवतो. गाडी सुरू होते पेट्रोलवर. इंजिनाचं पाणी तापलं की बॉनेटखाली ‘टक्’ असा बारीक आवाज येतो, गॅसचा व्हॉल्व्ह उघडतो आणि डॅशबोर्डवरच्या स्विचचा दिवा बदलतो. पाणी तापण्याची वाट पाहण्यामागे कारण आहे. दाब एकदम उतरला की गॅस गारठतो, म्हणून इंजिनाचं गरम पाणी रिड्यूसरमधून फिरवलेलं असतं. ते कमी पडलं तर भर उन्हाळ्यातही रिड्यूसरवर पांढरा हिम धरलेला दिसतो.

तोटे आहेत. वायू जास्त जागा व्यापतो, त्यामुळे सिलिंडरमध्ये हवा कमी शिरते आणि सीएनजीवर ताकद साधारण दहा टक्क्यांनी घटते. चढावर भरलेली पिकअप ते लगेच जाणवून देते. शिवाय गॅस कोरडा जळतो, त्यामुळे व्हॉल्व्ह आणि त्यांच्या बैठका लवकर झिजतात. फोर्डनं यावर व्यवहारी तोड काढली होती. कारखान्यातूनच कडक केलेले व्हॉल्व्ह आणि बैठका बसवलेलं ‘गॅससाठी तयार’ इंजिन ३१५ डॉलर जादा घेऊन द्यायचं, आणि किट मान्यताप्राप्त जोडणीदाराकडून बसवून घ्यायचं. २०१४ च्या एफ-१५० पिकअपला ही सोय मिळाली. किट आणि जोडणीचा खर्च मात्र ७,५०० ते ९,५०० डॉलर.

एवढा पैसा जातो कुठे? बराचसा टाकीत. या सगळ्या खटाटोपात इंजिन बिचारं समजूतदार आहे, हट्टी आहे ती टाकी.

अमेरिकेत सीएनजी ३,६०० पीएसआय दाबानं भरतात, म्हणजे गाडीच्या टायरमधल्या हवेच्या शंभरपटीहून जास्त. आपल्याकडे हा दाब २०० बार, जरा कमी. इतका दाबूनही तेवढ्याच ऊर्जेला पेट्रोलच्या साधारण चौपट जागा लागते. एवढा दाब सोसणारी टाकी दंडगोलच हवी. पेट्रोलच्या टाकीसारखी चासीच्या सांदीकोपऱ्यात हवी तशी वळवून बसवता येत नाही. शुद्ध पोलादाची घेतली तर स्वस्त पण बोजड. कार्बन फायबर गुंडाळलेली घेतली तर हलकी, पण किंमत ऐकूनच गिऱ्हाईक मागे फिरतं. पिकअपमध्ये ती जाते हौद्यात, केबिनच्या पाठीला चिकटून. म्हणजे ज्या जागेसाठी माणूस पिकअप घेतो, नेमकी तीच जागा ती खाते. मुंबईकरांनी हा अनुभव पुरेपूर घेतला आहे. काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी सीएनजीवर गेल्या, डिकीत सिलिंडर आडवा झाला आणि दादर स्टेशनला उतरलेल्या पाहुण्यांच्या बॅगा टपावरच्या कॅरिअरवर चढल्या.

या बाबतीत प्रोपेन जास्त सोयीचं. ते माफक दाबाखाली द्रव होतं, त्यामुळे टाकी पातळ पत्र्याची, हलकी आणि स्वस्त असते. लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या जवळपास तीन चतुर्थांश मिळते. उष्णतेनं द्रव फुगतो, म्हणून टाकी ८० टक्क्यांच्या वर भरत नाहीत. उरलेली जागा मोकळीच ठेवायची. धोका वेगळ्या जातीचा आहे. सीएनजी हवेहून हलका, गळला तर वर निघून जातो. प्रोपेन हवेच्या दीडपट जड; ते जमिनीलगत पसरतं, खड्ड्यात आणि तळघरात साचतं. आपल्या स्वयंपाकघरातला एलपीजी हा प्रोपेन आणि ब्युटेनच्या मिश्रणाचा, म्हणजे याचाच भाऊबंद. घरगुती सिलिंडर व्हॅनच्या मागे लपवून चालवण्याचे उद्योग आपल्याकडे किती झाले आणि त्यातून किती स्फोट झाले, हे वर्तमानपत्र वाचणाऱ्याला ठाऊक आहे. प्रोपेन वाईट नाही. त्या कामासाठी न बनवलेली टाकी आणि रबरी नळी वाईट.

अमेरिकेत कायदा आड येतो तो धुराच्या बाजूनं. गॅस स्वच्छ जळतो, मग परवानगी कशाला, असा युक्तिवाद युटातल्या अनेकांनी केला. पण पर्यावरण संरक्षण संस्थेच्या लेखी प्रमाणपत्र नसलेलं किट बसवणं म्हणजे प्रदूषण-नियंत्रणाच्या यंत्रणेशी केलेली छेडछाड. चुकीचं जुळवलेलं गॅस किट पेट्रोलपेक्षा जास्त विषारी वायू सोडू शकतं, हे खरंच आहे. पण प्रत्येक इंजिन-गटासाठी वेगळं प्रमाणपत्र घ्यायचं तर त्याचा खर्च अखेर गिऱ्हाइकाच्याच माथी येणार. २०११ मध्ये या संस्थेनं नियम सैल केले. जुन्या गाड्यांसाठी कमी कागदपत्रांत काम होऊ लागलं.

तोवर जमिनीखाली मोठी उलथापालथ झाली होती. शेल खडक फोडून गॅस काढण्याचं तंत्र जमलं आणि २००८ च्या मध्याला १३ डॉलरच्या आसपास गेलेला घाऊक भाव एप्रिल २०१२ मध्ये २ डॉलरच्या खाली आला. मग मोटार कंपन्याही पुढे आल्या. रॅमनं २५०० मॉडेल कारखान्यातच दोन इंधनांचं बनवलं: सीएनजीवर सुमारे ४१० किलोमीटर, पेट्रोल धरून सुमारे ५९०. जनरल मोटर्सनं सिल्व्हराडो आणि सिएरा आणल्या. त्यांत गॅसची सोय हवी तर ११,००० डॉलर जादा. ओक्लाहोमाच्या रिपब्लिकन मेरी फॉलिन आणि कोलोरॅडोचे डेमोक्रॅट जॉन हिकनलूपर हे दोन गव्हर्नर चक्क एकत्र आले, आणि पुढे २२ राज्यांनी मिळून सरकारी ताफ्यासाठी गॅसच्या गाड्यांची मागणी नोंदवायचं ठरवलं.

आता कागद-पेन्सिल घ्यावी. गॅलनला १५ मैल देणारी पिकअप वर्षाला २०,००० मैल धावली, तर साधारण १,३३३ गॅलन लागतात. गॅस आणि पेट्रोलच्या भावात युटासारखं ३ डॉलरचं अंतर असेल तर वर्षाला ४,००० डॉलर वाचतात. ९,००० डॉलरचं किट सव्वादोन वर्षांत फिटतं. अंतर दीड डॉलर असेल तर साडेचार वर्षं. अर्ध्या डॉलरवर आलं तर साडेतेरा वर्षं, आणि तोवर पिकअपच भंगारात निघालेली असते. गॅस नुसता स्वस्त असून भागत नाही, पेट्रोल महाग राहावं लागतं.

ते राहिलं नाही. २०१४ च्या उत्तरार्धात कच्चं तेल कोसळलं, २०१६ च्या सुरुवातीला पेट्रोल गॅलनला २ डॉलरच्या खाली गेलं, आणि घरगुती गिऱ्हाईक पांगलं. टिकून राहिले ते ताफेवाले. रोज ठरलेल्या रस्त्यानं जाऊन रात्री त्याच आगारात परतणाऱ्या गाड्यांना गावोगाव पंप लागत नाहीत, एक स्वतःचा पुरतो. भरपूर पळत असल्यानं किटही लवकर फिटतं. प्रोपेनवर चालणाऱ्या शाळेच्या बस आज अमेरिकेत सर्रास दिसतात.

महाराष्ट्रात गणित आणखी वेगळं आहे. नाशिकचा टोमॅटो नाही तर जुन्नरची फुलं वाशीला आणणारी पिकअप बहुधा डिझेलची असते, आणि डिझेल इंजिनात ठिणगीच नसते. हवा दाबून तापवायची आणि तिच्यात डिझेल फवारायचं, एवढ्यावर ते चालतं. सीएनजी नुसत्या दाबानं तसा पेटत नाही. म्हणून ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्र सरकारनं बीएस-६ गाड्यांसाठी नियम काढले, तेव्हा दोन वाटा वेगळ्या सांगितल्या: पेट्रोलच्या गाडीला मान्यताप्राप्त सीएनजी किंवा एलपीजी किट बसवा, साडेतीन टनांच्या आतल्या डिझेल गाडीचं मात्र इंजिनच काढून गॅसचं घाला. त्यापूर्वी किट बसवायची मुभा बीएस-४ पर्यंतच होती.

इंजिन बदलण्याच्या भानगडीत पडण्यापेक्षा कारखान्यातूनच तयार गाडी घेण्याकडे धंदेवाल्यांचा कल आहे. त्याच वर्षी आलेली टाटा इन्ट्रा व्ही-२० ही देशातली पहिली पेट्रोल-सीएनजी पिकअप म्हणून बाजारात उतरली, १,००० किलो माल वाहणारी. अशा गाड्यांत टाकी हौद्याखाली चासीला बांधतात, म्हणजे क्रेट ठेवायची जागा शाबूत राहते.

किट बाहेरून बसवलं तर आरटीओत आरसी बुकावर नोंद करावी लागते आणि विमा कंपनीलाही कळवावं लागतं. नाहीतर अपघातानंतर दावा अडकतो. शिवाय दर तीन वर्षांनी सिलिंडर उतरवून पाण्याच्या दाबाखाली त्याची चाचणी, म्हणजे हायड्रो टेस्ट, करून घ्यायची असते. पुढची तारीख गाडीवरच्या छोट्या पट्टीवर असते. गॅस भरणारा पोऱ्या नोझल लावण्याआधी ती पाहतो, आणि तारीख उलटलेली असेल तर रांगेत कितीही वेळ गेला असला तरी गाडी बाजूला घ्यायला सांगतो.