हृदयाच्या तपासण्या, भाग 9 : मेलेला स्नायू आणि निजलेला स्नायू

मालवणात कुणाच्या वडिलांना हार्ट अटॅक येऊन गेला की इकोचा रिपोर्ट त्याच दिवशी व्हॉट्सॲपवरून मुंबईच्या चाकरमान्यापर्यंत पोचतो. त्यातली एकच ओळ सगळे वाचतात : 'एलव्हीईएफ 35 टक्के'. मग घरभर बातमी होते, भाऊंचं हृदय 35 टक्केच चालतं. हा हिशेब खोटा आहे. डावा कप्पा एका ठोक्यात आतलं सगळं रक्त कधीच बाहेर टाकत नाही. धडधाकट माणसाचाही आकडा साधारण 55 ते 70 असतो. 35 कमीच, पण ते शंभरातले 35 नव्हेत.

शिवाय हा आकडा काम किती होतंय तेवढंच सांगतो. उरलेलं का होत नाही, हे त्यातून कळत नाही. गेल्या भागातल्या अँजिओग्राफीतूनही ते नीट कळत नाही, कारण ती दाखवते रक्तवाहिनीची पोकळी. त्या वाहिनीवर जगणारा स्नायू जिवंत आहे का, हा प्रश्न वेगळाच, आणि माझ्या मते घरच्यांनी डॉक्टरांना पहिल्यांदा तोच विचारावा.

बायपासनंतर काही रुग्णांच्या हृदयाची भिंत, जी आधी ढिम्म हलत नव्हती, ती पुन्हा आकुंचन पावू लागते, हे शल्यविशारदांनी पाहिलं होतं. म्हणजे ती मेलेली नव्हती. रक्त अपुरं मिळत असल्यामुळे तिने आपलं काम आवरतं घेतलं होतं. या अवस्थेला 'हायबरनेटिंग मायोकार्डियम' म्हणून वैद्यकात रुजवलं ते शाहबुद्दीन रहिमतुला यांनी. जन्म मुंबईचा, वैद्यकीय शिक्षण कराचीत, कारकीर्द अमेरिकेत. 1980च्या दशकात त्यांनी ही कल्पना मांडली. पावसाळ्यात किनाऱ्यावर ओढून झापांनी शाकारलेली होडी आणि कुजून पडलेली होडी, दोन्ही समुद्रात जात नाहीत. लांबून बघणाऱ्याला फरक कळत नाही. चीरफाड न करता तो फरक कसा ओळखायचा, त्याच्याच या सगळ्या तपासण्या.

ईसीजी सर्वांत स्वस्त आणि सर्वांत ढोबळ. त्यातल्या खोल 'क्यू' लहरी जुन्या घावाकडे बोट दाखवतात. मधुमेहींत तर अटॅक कधी येऊन गेला हेच ठाऊक नसतं. खोदून विचारलं की उत्तर येतं, "गेल्या शिमग्यात छातीत कळ इली होती, माका वाटलां गॅस झालो."

इको त्याच्या पुढचं पाऊल. टक्क्यांच्या ओळीखाली भिंतीच्या जाडीचे आणि हालचालीचे जे शब्द असतात, ते खरे वाचण्यासारखे. स्नायू मेला की तिथे चट्टा पडतो आणि भिंत पातळ होते. जाडी 6 मिलिमीटरच्या खाली गेली असेल तर तो भाग परत चालेल ही आशा सहसा कमी. भिंत जाड आहे पण हलत नाही, तर शंका घ्यायला जागा असते. मग शिरेतून डोब्युटामिन हे औषध थोडं थोडं देत इको करतात. निजलेला स्नायू कमी मात्रेत हलू लागतो आणि मात्रा वाढवली की रक्त पुरत नाही म्हणून पुन्हा थबकतो. मेलेला दोन्ही वेळा तसाच.

थॅलियम स्कॅनचं तत्त्व मला सर्वांत देखणं वाटतं. जिवंत पेशी पोटॅशियम सतत आत ओढत असते. थॅलियम-201 तिला पोटॅशियमसारखंच भासतं, ती तेही आत घेते आणि कॅमेऱ्यात चमकते. मेलेल्या पेशीला ओढायची ताकदच नाही. पुष्कळ ठिकाणी आता थॅलियमऐवजी टेक्नेशियम-99एम वापरतात. ते दर 6 तासांनी निम्मं होतं, त्यामुळे साठवता येत नाही. मॉलिब्डेनम-99 भरलेल्या जनरेटरमधून रोज ताजं काढावं लागतं. अणुवैद्यकातले लोक त्या जनरेटरला गाय म्हणतात आणि सकाळी तिचं दूध काढतात. मॉलिब्डेनम 66 तासांत निम्मं, म्हणून गायही लवकरच आटते. या विद्येचं आपल्याकडचं आद्य पीठ म्हणजे परळचं रेडिएशन मेडिसिन सेंटर, 1963 सालचं.

पेट स्कॅनमध्ये फ्लोरिन लावलेली साखर टोचतात. रक्त कमी पोचतंय पण साखर मात्र खाल्ली जातेय, असा भाग दिसला तर तो निजलेला. हे फ्लोरिन 110 मिनिटांत निम्मं होतं. सायक्लोट्रॉनमधून निघालेला डोस गाडीने घाट उतरवून तळकोकणात आणायचा तर चार तासांत पावाहून कमी उरेल. तेव्हा इको आपल्या जिल्ह्यात होतो, पण या स्कॅनसाठी रुग्णालाच मशीनकडे जावं लागतं.

एमआरआयला किरणोत्सार लागत नाही. गॅडोलिनियम टोचून दहा-पंधरा मिनिटं थांबलं की ते चट्ट्यात रेंगाळतं आणि तो भाग पांढरा उजळतो. 2000 साली रेमंड किम आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की चट्टा भिंतीच्या अर्ध्याहून अधिक जाडीत पसरला असेल तर रक्तपुरवठा वाढवूनही ती क्वचितच सुधारते. मूत्रपिंडं फारच अधू असतील तर मात्र हे औषध जपून.

आता एक कडू गोळी. स्नायू जिवंत निघाला म्हणजे स्टेंट घालून आयुष्य वाढेलच, असं नाही. 2022च्या 'रिव्हाइव्हड' चाचणीत 700 रुग्ण होते, सगळ्यांचा ईएफ 35 किंवा कमी आणि स्नायूचा बराच भाग जिवंत. निम्म्यांना औषधांबरोबर अँजिओप्लास्टी, निम्म्यांना नुसती औषधं. मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरमुळे इस्पितळात भरती होणं, यात दोन्ही गटांत फरक पडला नाही. त्यामुळे बांबोळीला किंवा कोल्हापूरला जाऊन महागडा स्कॅन करण्याआधी एकच विचारावं : "डॉक्टर, याच्या उत्तराने उपचार बदलणार आहे का?"

अटॅकनंतरच्या पहिल्या आठवड्यातला इको तर शेवटचा शब्द मानूच नये. रक्त परत सुरू झालं तरी स्नायू काही दिवस, कधी काही आठवडे, बधिर राहतो आणि मग आपोआप हलायला लागतो. भविष्यातला धोका टाळण्यासाठी छातीत डिफिब्रिलेटर बसवायचा का, हे ठरवण्याआधी म्हणूनच अटॅकनंतर निदान 40 दिवस आणि अँजिओप्लास्टी किंवा बायपास झाली असेल तर 3 महिने औषधं नीट देऊन पुन्हा इको करतात. त्या इकोला जाताना पहिल्याची प्रत आणि सीडी बरोबर न्यावी. नुसत्या आकड्यापेक्षा दोन चित्रं शेजारी ठेवून डॉक्टरांना अधिक कळतं.