बंद शाखांचे पाणी

आपल्याकडे कालवा म्हटला की पाटबंधारे खाते, पाणीपट्टी आणि उसाचे मळे डोळ्यांपुढे उभे राहतात. परंतु अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडात कालव्यांचे जे जाळे विणले गेले ते शेते भिजविण्यासाठी नसून, घोड्यांनी ओढलेल्या अरुंद नावांतून कोळसा, चुनखडी आणि लोखंड वाहून नेण्यासाठी होते, आणि पुढे आगगाडीने त्यांचा धंदा हिरावून घेतल्यावर त्यांच्या कित्येक शाखा कोरड्या पडून शेतांत मिसळून गेल्या. या लुप्त शाखांचा माग काढणारे हौशी संशोधक तिकडे पुष्कळ आहेत, आणि त्यांच्यात संगणकाच्या सर्व्हरचा कारभार पाहणारा एखादा गृहस्थ भेटला तर मला नवल वाटणार नाही. कारण जे बंद पडले अशी कागदोपत्री नोंद आहे त्याच्यावर अजून कोण विसंबून आहे, हाच दोन्ही उद्योगांतला मुख्य प्रश्न होय.

वेल्सच्या सरहद्दीवरील एल्समीर कालव्याचेच पाहा. मर्सी, डी आणि सेव्हर्न या तीन नद्या जोडण्याच्या मोठ्या उमेदीने १७९३ साली त्याचा कायदा संमत झाला. विल्यम जेसप आणि थॉमस टेल्फर्ड या अभियंत्यांनी डी नदीच्या १२६ फूट वरून, लोखंडी पन्हाळीतून नावा नेणारा पॉन्टकसल्टेचा जलसेतू १८०५ मध्ये पुरा केला. पण तिथून चेस्टरकडे जाणारा मुख्य मार्ग पैशांअभावी खणलाच गेला नाही, आणि दुसरे टोक श्रूझबरीला न पोहोचता वेस्टन गावापाशीच अडले. मुख्य मार्ग गेला तसा त्याच्यासोबत येणारा पाण्याचा साठाही गेला, म्हणून लान्टिसिलियो येथे डी नदीला अर्धवर्तुळाकार बांध घालून १८०८ साली एक चिंचोळा पाट काढावा लागला. केवळ पाणी आणण्यासाठी काढलेला हा पाट पुढे जलसेतूवरून जाणाऱ्या साऱ्या लँगॉलेन शाखेचा तारणहार ठरायचा होता.

अशा मार्गांचा शोध जुन्या सर्वेक्षणाच्या नकाशांवरून सुरू होतो आणि चिखलात पुरा होतो. समपातळीवर वळत गेलेले काटेरी कुंपण किंवा भर कुरणात कशावरून चालला आहे ते न कळणारा कमानी पूल, एवढीच काय ती खूण पुष्कळदा उरते. लाँग्डन-ऑन-टर्न येथे मात्र टेल्फर्डचीच ओतीव लोखंडाची पन्हाळ टर्न नदीवर आजही उभी आहे, आत पाणी नाही, दोन्ही बाजूंना शेते. नावा ओढणाऱ्या घोड्यांची वाट तिला लगटून स्वतंत्र, काहीशा खालच्या पातळीवर बसविलेली आहे, आणि दोन्ही टोकांचे दगडी बांधकाम १७९५ च्या पुराने वाहून नेलेल्या पहिल्या जलसेतूचे आहे, हे ज्याला ठाऊक असते त्यालाच लोखंड आणि दगड यांमधला तो सांधा दिसतो.

आता दुसऱ्या उद्योगाकडे वळू. सर्व्हर म्हणजे इतर संगणकांच्या मागण्या ऐकून त्या पुरविणारा, अहोरात्र चालणारा संगणक. त्याच्या व्यवस्थापकाच्या पदरी जुन्या कारभाऱ्यांनी मागे ठेवलेली अशी यंत्रे येतात की ज्यांचा धनी कोण हे कोणत्याच दप्तरात सापडत नाही. अशा यंत्राच्या लॉगमध्ये, म्हणजे त्याने स्वतःच लिहिलेल्या रोजकीर्दीत, कित्येक दिवस कुणी फिरकल्याची नोंद नाही म्हणून त्याला घाईने मूठमाती देणारा पस्तावतो. कारण नेमल्या वेळी कामे आपोआप सुरू करणाऱ्या क्रॉनच्या कोष्टकात एखादी ओळ अशीही असते की जी वर्षातून एकदाच, ३१ मार्चच्या रात्री, हिशेबाचा गोषवारा लेखा विभागाकडे धाडते. जाणता व्यवस्थापक कोणत्या पोर्टवर कोणता प्रोग्रॅम ऐकत आहे आणि जोडण्या कुठून येतात हे आधी तपासतो, बॅकअप घेतो, मग यंत्र केवळ नेटवर्कपासून तोडून ठेवतो आणि कुठून ओरड येते का याची वाट पाहतो. डिस्क पुसण्याचा हुकूम वर्षअखेर उलटल्यावरच सुटतो.

कालव्यांच्या बाबतीत ही सबुरी कोणी दाखविली असे म्हणवत नाही. १९१७ साली वेस्टन शाखेचा काठ फुटला, १९३६ च्या फेब्रुवारीत माँटगोमेरी शाखेचा फुटला, आणि दोन्ही दुरुस्त झाले नाहीत. शेवटी १९४४ च्या कायद्यान्वये मालक असलेल्या रेल्वे कंपनीने या भागातील बहुतेक शाखांवरील नौकानयनाची जबाबदारी झटकून टाकली. लँगॉलेनची शाखाही त्याच यादीत होती. पण डी नदीचे पाणी तिच्यातून पुढे वाहत होते, पुढच्या कालव्याला ते हवे होते, आणि १९५५ मध्ये चेशायरच्या पाणीपुरवठा मंडळाशी करार होऊन हर्लस्टनच्या जलाशयासाठी ती कायम राखली गेली. आज त्या पाटातून रोज सुमारे १.२ कोटी गॅलन पाणी जाते, वर सहलीच्या नावांची गर्दी असते, आणि २००९ पासून पॉन्टकसल्टे जागतिक वारशात आहे. तेव्हा टेल्फर्डच्या कीर्तीइतकेच चेशायरच्या नळांचेही आभार मानले पाहिजेत.

माँटगोमेरीचे तसे नशीब नव्हते. १९६९ पासून स्वयंसेवक तिचे तुकडे खणून पुन्हा जोडीत आहेत. मात्र मधल्या निवांत दशकांत तिच्या स्थिर पाण्यात ल्युरोनियम नाटान्स ही दुर्मीळ पाणवनस्पती फोफावली, तिच्यामुळे कालवा संरक्षित क्षेत्र ठरला, आणि आता नावा सुरू करायच्या तर किती सोडायच्या आणि त्या वनस्पतीसाठी बाजूला वेगळी तळी कुठे खणायची, यावर तिथे खल चालतो.