बडोद्याचा राजवाडा आणि मिलानचे घर

काही कामानिमित्त बडोद्यास जाण्याचा योग आला, तेव्हा लक्ष्मीविलास राजवाडा पाहिल्यावाचून परतणे आमच्याने झाले नाही. १८९० साली पूर्ण झालेली ती भव्य वास्तू न्याहाळताना आमच्या समवेत आलेल्या एका आजीबाईंनी हळूच विचारले, "फादर, एवढ्या मोठ्या घरात माणसे एकमेकांना भेटत तरी असतील का?" प्रश्न भाबडा खरा, परंतु तो आमच्या मनातून जाईना.

ह्या घराण्याची एक कथा जुने बडोदेकर अजून सांगतात. सयाजीराव महाराजांच्या पश्चात १९३९ साली त्यांचे नातू प्रतापसिंहराव गादीवर आले. पत्नी शांतादेवी, आठ मुले, असा भरलेला संसार. पुढे मद्रासच्या घोड्यांच्या शर्यतीत त्यांची पिठापूरच्या राजकन्या सीतादेवींशी गाठ पडली. सीतादेवीही विवाहित होत्या, मुलाबाळांच्या आई होत्या. त्यांनी इस्लाम धर्म स्वीकारला, त्या आधारे पहिला विवाह रद्द करून घेतला, पुन्हा हिंदू धर्मात प्रवेश केला आणि १९४३ साली महाराजांशी लग्न लागले. बडोदे राज्यात एक पत्नी हयात असता दुसरी करण्यास बंदी होती. इंग्रज अधिकाऱ्यांनी हरकत घेतली, तेव्हा तो कायदा प्रजेला आहे, राजाला नाही, असे उत्तर त्यांस मिळाले!

वाचकहो, ह्या कथेत आम्हास सर्वाधिक बोचते ते घोड्यांचे वा हिऱ्यामोत्यांचे वेड नव्हे. धर्म येथे कुलपाच्या किल्लीसारखा वापरला गेला. दार उघडले की किल्ली टाकून दिली. राजेरजवाड्यांना नावे ठेवणे सोपे आहे. "लग्नापुरता बाप्तिस्मा द्या, फादर," असे म्हणत आमच्या दाराशी येणारे काही राजवाड्यात राहत नाहीत. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने, हिंदू पतीने दुसऱ्या लग्नासाठी धर्म बदलला म्हणून त्याचे पहिले लग्न मोडत नाही, असा निर्णय दिला. जे न्यायासनास सांगावे लागले, ते घरातल्या वडीलधाऱ्यांनी आधीच सांगावयास हवे होते.

पुढचा भाग लवकर आटोपतो. सीतादेवींनी माँटे कार्लोस बिऱ्हाड केले. राजघराण्याची बहुमोल रत्ने त्यांच्यामागोमाग परदेशी गेली. १९४९ साली बडोदे मुंबई राज्यात विलीन झाले. त्याच वर्षी आजोबांच्या नावाचे विद्यापीठ प्रतापसिंहरावांच्याच हातून उभे राहिले, हेही न्यायाने नमूद केले पाहिजे. १९५१ साली सरकारने त्यांची मान्यता काढून घेतली व थोरले चिरंजीव फत्तेसिंहराव गादीवर आले. सीतादेवींशी झालेला विवाहही टिकला नाही. १९६८ साली लंडन येथे प्रतापसिंहराव निवर्तले.

त्याच १९६८ साली व्हेनिसच्या महोत्सवात पाझोलिनी ह्या इटालियन दिग्दर्शकाचा 'तेओरेमा', म्हणजे प्रमेय, हा चित्रपट दाखविण्यात आला. मिलानच्या एका कारखानदाराच्या घरी एक तरुण पाहुणा येतो. बाप, आई, मुलगा, मुलगी, मोलकरीण, सारे त्याच्या मोहात पडतात. एके दिवशी तो निघून जातो आणि घर उन्मळून पडते. मुलगी मूठ आवळून दगडासारखी निश्चल होते, आई रस्त्यावरचे तरुण शोधीत फिरते, बाप कारखाना कामगारांस देऊन टाकतो व विवस्त्र होऊन ओसाड रानात आक्रोश करतो.

कॅथोलिक चित्रपट संघटनेच्या परीक्षकांनी ह्या चित्रपटास पुरस्कार दिला आणि मोठे वादळ उठले. खुद्द ख्रिस्तसभेतून निषेध झाला. अश्लीलतेचा खटला भरला गेला, त्यातून दिग्दर्शक निर्दोष सुटला. निषेध करणाऱ्यांची तळमळ आम्ही जाणतो. तरीही परीक्षकांना काय दिसले असावे, ह्याचा विचार करता आमची नजर त्या मोलकरणीवर खिळते. मोह तिलाही झाला होता. परंतु ती आपल्या खेड्यात परतते, अंगणातल्या बाकावर मौन धरून बसते, रानातला खाजरा पाला खाते. तिच्या हातून एक आजारी मूल बरे होते. अखेर ती स्वतःस मातीत पुरवून घेते आणि तिच्या अश्रूंचा झरा होतो. धनिकांचे वैभव गेल्यावर त्यांच्यापाशी काहीच उरले नाही. हिच्यापाशी मात्र लहानपणी शिकलेली प्रार्थना असावी, असे आम्हास वाटते.

बडोद्याच्या कथेत हिरे कोठे गेले ह्याची चर्चा फार होते. आठ मुलांसह मागे राहिलेल्या शांतादेवींविषयी आम्ही विचारले, तेव्हा लोक "राजमाता" एवढेच आदराने म्हणाले व गप्प झाले.

'तेओरेमा' आम्ही धर्मग्रामाच्या सभागृहात दाखविणार नाही. तो मुलाबाळांसह पाहण्याचा नव्हे. मात्र ह्याच पाझोलिनीने, स्वतः नास्तिक असूनही, १९६४ साली मत्तयच्या शुभवर्तमानावर चित्रपट काढला व तेविसावे योहान ह्या पोपमहोदयांच्या स्मृतीस अर्पण केला. तो येत्या प्रायश्चित्तकाळात एका शुक्रवारी, क्रूसाच्या वाटेनंतर, दाखविण्याचा आमचा मानस आहे. आजीबाईंना पुढची खुर्ची राखून ठेवू.