सरळ रेषेची बाग

अलिबागेहून रेवदंड्याकडे आपण गेलां असाल, तर नागांव-चौलच्या वाड्या आठवत असतील. गडग्याआड पोफळींच्या सरळ रांगा, मधून पाण्याचे पाट, आणि त्या रेषांवर धांवणारी आपली नजर. ही शोभा कोणीं शोभेसाठीं केलेली नाहीं. विहिरीचें पाणी प्रत्येक आळ्यापर्यंत पोंचावें, वायां जाऊं नये, म्हणून पाट सरळ. आणि पाट सरळ म्हणून झाडें रांगेंत.

फ्रान्समधील रेखीव बागा मात्र मुळापासून शोभेसाठींच घडल्या. चौदाव्या लुईनें १६६१ नंतर व्हर्सायची बाग आंद्रे ल नोत्र याच्याकडून आंखून घेतली. त्याच्या बापआज्यांनींहि राजाच्याच बागा राखल्या होत्या. राजवाड्याच्या मध्यावरून एक रेषा निघे ती थेट क्षितिजापर्यंत. ताटवे, कुंडें, वृक्षराजी तिच्या दोहों बाजूंस तोलून मांडलेलीं. ताटव्यांची नक्षी गालिच्यासारखी, कारण ती वरच्या खिडक्यांतून पाहावयाची. दूरचें जलाशय तो मुद्दाम मोठें ठेवी, म्हणजे अंतरानें तें लहान भासूं नये.

पण पाणी कोठून आणावें? व्हर्सायला त्याचें दुर्भिक्षच. १६८४ सालीं सेन नदीवर मार्ली येथें चौदा प्रचंड चाकें फिरूं लागलीं. दोनशेंहून अधिक पंप पाणी सुमारें १६० मीटर वर चढवीत. तरीहि सगळीं कारंजीं एकदम चालेनात. राजाची स्वारी निघाली कीं कारंजेवाले एकमेकांस शिट्टी देत; पुढचें कारंजें सुरू, मागचें बंद! आपल्याकडे बैल रहाट ओढीत असतां एका आळ्याचें तोंड मातीनें बुजवून दुसऱ्याचें उघडणारा वाडीवाला दुसरें काय करीत असे? मला तर त्याचाच हिशेब अधिक प्रामाणिक वाटतो.

वादळानें मात्र दोघांसहि सोडलें नाहीं. २६ डिसेंबर १९९९ रोजीं व्हर्सायचीं सुमारें दहा हजार झाडें पडलीं. ३ जून २०२० रोजीं ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आदळलें, आणि मुरूड-श्रीवर्धनपर्यंत माड-पोफळींच्या रांगा आडव्या झाल्या. व्हर्सायचे जुने नकाशे जपलेले होते, आणि खर्चास सरकार समर्थ होतें. वाडीचा नकाशा म्हणजे तिचे पाट; ते जागेवर होते. अडचण काळाची. पोफळीस फळ धरावयास सात-आठ वर्षें लागतात, आणि बंगल्यासाठीं जागा मागणारे मुंबईकर तर दाराशीं उभेच! म्हणून कोंवळ्या रोपांमध्यें केळी लावतात: रोपांस सावली होते, आणि वर्षा-सव्वा वर्षांत घड विकतां येतो.